छोट्या टॉर्चच्या बुडाचा लोहचुंबक : कुठे धरतो, कुठे सोडतो?

हरवळेकर
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात रात्री पाऊस असा कोसळला की माडाचं चुडत तारांवर पडलं आणि सगळा वाडा काळोखात. दीड तासाने लाईट आली, पण विहिरीवरचा पंप उठेना. मेन बंद केला, छत्री मानेत धरली, मोबाईल दातांत, आणि स्टार्टरच्या डब्याचे स्क्रू सोडवायला लागलो. चौथा स्क्रू बोटांतून निसटला तो थेट गटारात. त्याच्यामागोमाग मोबाईलही जायचा, तो कसाबसा धरला.

दुसऱ्याच दिवशी म्हापशाहून छोटा टॉर्च आणला. वीतभरसुद्धा लांब नाही, आत १८६५० सेल (चार्ज करायचा लिथियम सेल), बुडाला लोहचुंबक. दुकानदाराने शटरला चिकटवून दाखवला तेव्हा वाटलं, हेच हवं होतं. घरी येऊन स्टार्टरच्या लोखंडी डब्यावर लावला. चिकटला छान, पण उजेड सगळा माझ्या पोटावर. डबा होता तसाच काळोखात! शिवाय मी स्क्रू फिरवायला लागलो तसा टॉर्च हळूहळू खाली घसरायला लागला.

ज्यांच्याकडे असा टॉर्च आहे त्यांनी कृपया सांगा, हा चुंबक रोजच्या कामात नेमका कुठे उपयोगी पडतो? माझंच काही चुकतंय का? पावसाळा अजून बराच बाकी आहे, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी बाबांनाही एक घेऊन द्यायचा आहे. त्यांना शर्टाच्या खिशात टॉर्च लागतोच.

बार्जवरचा
हरवळेकर, टॉर्च ठीक आहे, जागा चुकली. बुडाला चुंबक असलेला सरळ टॉर्च ज्या पत्र्यावर चिकटतो त्या पत्र्याकडे पाठ करून उभा राहतो. म्हणून काम ज्या पत्र्यावर आहे त्यावर तो लावायचाच नाही. समोरच्या लोखंडावर लावायचा, नाहीतर डोक्यावरच्या.

मी खनिजाच्या बार्जवर इंजिनरूममध्ये होतो, मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्यांत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा उतरलो. बार्ज म्हणजे जिथे हात लावाल तिथे लोखंड, पण तेव्हा असे टॉर्च आमच्या हातात नव्हते. आम्ही जुन्या स्पीकरचा काळा गोल चुंबक काढून टॉर्चच्या कुशीला सायकलच्या ट्यूबने बांधायचो. कुशीला, बुडाला नव्हे. त्यामुळे टॉर्च पत्र्यावर आडवा पडायचा आणि उजेड पत्र्याला घासत पुढे जायचा, पाईपच्या जोडावर नेमका. बाजारातले काटकोनी टॉर्च असतात ना, ज्यांचं डोकं बाजूला वळलेलं असतं, ते हेच काम करतात. तुम्ही घेण्याआधी विचारलं असतं तर मी तोच घ्या म्हणालो असतो.

तो स्पीकरचा चुंबक फेराइटचा, जड आणि त्या मानाने अशक्त. आताच्या टॉर्चमध्ये असतो तो निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा. १९८०च्या दशकात जपानच्या सुमितोमोने आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तो आपापल्या परीने वेगवेगळा शोधून काढला. नाण्याएवढी चकती अख्खा टॉर्च पेलते ती त्या शोधामुळे.

घसरण्याचं म्हणाल तर चुंबकाची ओढ सरळ असते, पत्र्याच्या आत. खाली घसरू न देण्याचं काम ओढीचं नसून घर्षणाचं आहे. गुळगुळीत रंगावर ते घर्षण ओढीच्या पाचव्या हिश्श्याएवढं धरून चाला. चालू इंजिनजवळ तर कंपनाने टॉर्च चालतच सुटतो. आम्ही उभ्या पत्र्यावर कधी विश्वास ठेवला नाही, वरच्या बीमलाच उलटा टांगायचो.

नाक्यावरचं_गॅरेज
बार्जवरचा दादांनी सांगितलं ते सोळा आणे खरं. गाडीचं बॉनेट उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला टॉर्च लावा, उजेड सरळ इंजिनवर. या एका जागेसाठीसुद्धा बुडाचा चुंबक वसूल होतो. गाडीखाली झोपून काम करताना चासीला लावतो. चाक काढलं की ब्रेक ड्रमच्या वरच्या पत्र्याला.

पण सगळ्या गाड्यांचं बॉनेट लोखंडी नसतं, काही महागड्या गाड्यांचं ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक धरत नाही. इंजिनाचा ब्लॉकही आता पुष्कळ गाड्यांत ॲल्युमिनियमचा येतो. स्कूटरची बॉडी बहुतेक प्लास्टिकची, पत्र्याची असेल तर नशीब. सायलेन्सरच्या जवळ चुकूनही लावू नका. साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सियसच्या वर तापला की त्याची ताकद कमी होते आणि थंड झाल्यावर सगळी परत येत नाही. चालू इंजिनाचं पाणीच ९० च्या आसपास असतं. माझ्या पोराने तापलेल्या ब्लॉकवर अर्धा तास टॉर्च ठेवला होता. आता तो टॉर्च शटरलाही नीट धरत नाही.

आणखी एक. ग्राइंडर मारल्यावर जमिनीवरचा लोखंडाचा कीस बुडाला असा लागतो की पुसून जात नाही. चिकटपट्टी दाबून ओढा, सगळा निघतो. ज्या टॉर्चचं चार्जिंग बुडातूनच, चुंबकाच्या केबलने होतं, त्यांच्या पितळी टोकांवर हा कीस राहिला तर शॉर्ट व्हायची भीती, म्हणून वर्कशॉपमध्ये मी तसा टॉर्च वापरत नाही. यूएसबीचं भोक वेगळं आणि रबराने झाकलेलं, तोच बरा.

शिवोलीची_सून
मला मात्र वाचून वाटतंय की आमच्यासारख्यांच्या घरी हा चुंबक उपाशीच राहणार. आमचं घर चिऱ्याचं, दारं-खिडक्या सागवानी, कड्या पितळी, वर मंगळुरी कौलं. चुंबक धरेल असं घरात काय? फ्रिज, सासूबाईंचं लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन. स्टीलचं म्हणून सिंकला लावून पाहिला, तो सरळ आत पडला.

टॉर्च उभा ठेवून उजेड छतावर मारा म्हणजे खोली भरते, असं सगळे सांगतात. स्लॅबच्या पांढऱ्या छताखाली भरत असेल. कौलांखाली तो उजेड वरच्या वर मरतो. मी आता फ्रिजवर टॉर्च उभा करते आणि मागच्या भिंतीला पांढरा टॉवेल लावते. टॉर्च किंचित भिंतीकडे कलता ठेवला की स्वयंपाकघरात बऱ्यापैकी दिसतं.

तरी माझ्या टॉर्चचा चुंबक मला आवडतो, आणि त्याचं कारण वेगळं आहे. तो फ्रिजच्या डाव्या कुशीला, माझ्या खांद्याच्या उंचीवर असतो. कायम. लाईट गेली की हात न चाचपडता तिथे जातो. आधी घरात तीन टॉर्च होते आणि काळोखात एकही सापडत नसे, मुलं खेळायला न्यायची, कोणी परड्यात नेऊन तिथेच ठेवायचं. आता मुलंसुद्धा नेलेला परत तिथेच लावतात, कारण तो टक्कन बसतो ते त्यांना आवडतं. हातातून टॉर्च सुटावा म्हणून चुंबक घेतला होता, पण मोठा फायदा झाला तो हा.

डिचोली_वायरमन
ताई, सिंकचं कारण सांगतो. भांड्यांचं आणि सिंकचं चांगलं स्टेनलेस ३०४ जातीचं असतं, त्याला चुंबक धरत नाही. ४३० जातीच्या स्टेनलेसला धरतो, स्वस्त भांडी आणि स्वयंपाकघरातल्या धुराच्या काही चिमण्या त्याच्या असतात. आपलं एक रुपयाचं नाणंही त्याच कुळातलं, चुंबकाला लावून बघा.

चिऱ्याच्या घरात लोखंड नसेल तर लोखंड न्यायचं. मी गिऱ्हाइकांच्या घरी वर्षानुवर्षं हे करतो. दोन इंच रुंद आणि ३ मिलीमीटर जाड एमएसची (साध्या लोखंडाची) पट्टी घ्या, तळहाताएवढे तुकडे पाडा, प्रत्येकाला दोन भोकं. चिऱ्यात ड्रिल मारून गिट्टी आणि स्क्रू. जाडी महत्त्वाची आहे. पातळ पत्र्यात चुंबकाची सगळी ओढ मावत नाही, म्हणून फ्रिजच्या पत्र्यावर टॉर्च धरतो त्यापेक्षा या पट्टीवर दुप्पट घट्ट वाटेल. रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर रंगाचा एकच पातळ हात द्या, थरांवर थर चढवले की चुंबक आणि लोखंड यांत अंतर पडतं आणि ओढ झपाट्याने कमी होते.

हरवळेकर, तुमच्या स्टार्टरसाठी पट्टी नको. फळी लावायचं एल ब्रॅकेट मिळतं, लोखंडी बघून घ्या. डब्याच्या वर हातभर अंतरावर भिंतीला मारा आणि आडव्या पायाच्या खालून टॉर्च उलटा टांगा. उजेड डब्यावर येईल आणि घसरायचा प्रश्नच नाही, कारण आता चुंबकाला फक्त टॉर्चचं वजन पेलायचं आहे.

आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. उघड्या चालू बोर्डाच्या आत चुंबकाचा टॉर्च लावू नका. टॉर्चचं अंग ॲल्युमिनियमचं, म्हणजे वीज वाहणारं. तो घसरून बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर) आडवा पडला तर डोळ्यांदेखत स्फोट. लावायचा तर बोर्डाच्या बाहेर, दाराच्या कडेला किंवा शेजारच्या पट्टीवर. हरवळेकरांनी मेन बंद केला होता हे वाचून बरं वाटलं.

सत्तरीचा_बागायतदार
सगळ्यांचं ऐकलं, पण मला चुंबक पटत नाही. कुळागरात रात्री पाटाचं पाणी वळवायला जातो तिथे माड, पोफळी, केळी आणि दगड. चुंबक कशाला लावू? मी डोक्याला बांधायची बॅटरी वापरतो (आम्ही अजून टॉर्चला बॅटरीच म्हणतो). मान वळेल तिथे उजेड, दोन्ही हात मोकळे, पायाखालचं जनावर आधी दिसतं. चुंबकवाला टॉर्च एकदा लावला की तिथेच उजेड देत राहतो, माणूस हलला की काळोखात.

बार्जवरचा
बागायतदार बाब, चालत्या माणसाला डोक्याचीच बॅटरी. यात वादच नाही. पण एका जागी बसून अर्धा तास काम असेल तर? पावसाळ्यात डोक्यावर दिवा लावून बसा, पहिल्या पाच मिनिटांत सगळे किडे तोंडावर. भिंतीवर दोन हात लांब टॉर्च लावला की किडे त्याच्याकडे जातात. आणि दोघं मिळून काम करत असले तर डोक्याचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो, दर वेळी तो मान फिरवतो. इंजिनरूममध्ये यावरून भांडणं झालेली पाहिली आहेत.

सत्तरीचा_बागायतदार
किड्यांचं मान्य. गोठ्यात धार काढताना मलाही तोच त्रास होतो. वायरमनबाबांची पट्टी गोठ्याच्या वाशाला मारून बघतो.

नाट्यवेडा_फोंडा
माझाही अनुभव घ्या. जत्रेच्या नाटकात आम्ही पडद्यामागे काम करतो. देवळासमोर मांडव, लोखंडी पाईपांचा सांगाडा, मागे रंगपटाला कापडाचा आडोसा. तिथे कपड्यांच्या पत्र्याच्या ट्रंका असतात. ट्रंकेचं झाकण उघडलं की झाकणाच्या आत टॉर्च लावायचा, गॅरेजवाल्यांच्या बॉनेटसारखा. राजाचा शेला कुठला आणि सेवकाचा कुठला ते एका नजरेत कळतं, आणि उजेड ट्रंकेबाहेर फारसा सांडत नाही म्हणून प्रेक्षकांना दिसत नाही.

त्यासाठी टॉर्चला अगदी मंद उजेडाचा टप्पा हवा. काही टॉर्च चालू होतानाच पूर्ण ताकदीने पेटतात आणि मग बटण दाबत दाबत खाली यावं लागतं. प्रवेश चालू असताना तेवढा एक झोत पुरतो, सगळी सभा मागे बघते. घेताना दुकानात हे तपासून घ्या.

मेकअपसाठी आरशाच्या दोन्ही बाजूंना पाईपवर एकेक टॉर्च लावला तर समोरून उजेड येतो आणि नाकाची सावली गालावर पडत नाही. गोल पाईपवर सपाट बूड नीट बसत नाही हे खरं. चुंबक एका रेषेवरच टेकतो. आम्ही पाईपला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने पत्र्याचा तुकडा अडकवतो आणि त्यावर टॉर्च लावतो. तीन तासांचं नाटक मंद उजेडात एका सेलवर आरामात निघतं.

तांडेल_चापोरा
आमच्या होड्या फायबरच्या. आउटबोर्ड मोटरीचं कव्हर फायबरचं, आतली मशीन बहुतेक ॲल्युमिनियमची. म्हणजे समुद्रात चुंबकाला धरायला जवळजवळ काही नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी आणि मोटर दुरुस्त करतो. त्या कामाला शेडच्या लोखंडी खांबावर हा टॉर्च उत्तम.

पण होडीवर नेणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, होकायंत्राजवळ ठेवू नका. मी एकदा पहाटे केबिनीत टॉर्च सहज एका लोखंडी पट्टीला लावला, होकायंत्रापासून वीतभर अंतरावर. सुई इतकी फिरली की उत्तर कुठे तेच कळेना. जीपीएस होतं म्हणून लगेच लक्षात आलं. धुक्यात जीपीएस बंद पडलं असतं तर मी त्या सुईवर भरवसा ठेवून गेलो असतो. मोबाईलच्या होकायंत्राचंही तसंच होतं. मी आता टॉर्च होकायंत्रापासून दोन हात लांब, वेगळ्या पेटीत ठेवतो.

दुसरा शत्रू खारा वारा. निओडिमियमवर निकेलचा मुलामा असतो. टॉर्च आपटून त्याचा टवका उडाला की आतलं लोखंड गंजतं, चकती फुगते आणि भुगा व्हायला लागतो. माझ्या पहिल्या टॉर्चची चकती दोन पावसाळ्यांत फुगून टोपीत अडकली. आता घेतलेल्यात चुंबक टोपीच्या आत आहे, उघडा नाही. बाहेरून ओढ थोडी कमी लागते, पण समुद्राकाठच्या माणसाने हाच घ्यावा.

कळंगुट_रिसेप्शन
छोटी गोष्ट, पण पाहुण्यांना सांगावी लागते. खोलीचं कार्ड जुन्या पद्धतीचं, काळ्या पट्टीचं असेल तर टॉर्चसोबत खिशात ठेवू नका, पट्टीवरचं पुसलं जातं आणि दार उघडत नाही. बँकेच्या कार्डावरची चिप आणि नुसतं टेकवायचं कार्ड यांना काही होत नाही. मात्र चावीचं घड्याळ वापरणाऱ्यांनी जपावं. माझ्या वडिलांचं जुनं एचएमटी एकदम पुढे धावायला लागलं होतं, कारण आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारली गेली. घड्याळजीने भार काढून दिला, तेव्हा वेळ जागेवर आली.

ड्यूटीवरची_सिस्टर
हरवळेकर, तुमचं पहिलं लिहिणं पुन्हा वाचलं. बाबांना शर्टाच्या खिशात टॉर्च लागतो म्हणालात. त्यांना पेसमेकर नाही ना बसवलेला? कृपया आधी याचं उत्तर द्या.

हरवळेकर
सिस्टर, बसवलेला आहे. तीन वर्षं झाली. डाव्या बाजूला. माझ्या हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

ड्यूटीवरची_सिस्टर
मग त्यांना चुंबकाचा टॉर्च देऊ नका. घाबरवायला लिहीत नाही, कारण समजावं म्हणून लिहिते.

पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारी सोय मुद्दाम ठेवलेली असते. तपासणीच्या वेळी डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात, तेव्हा बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके बघणं थांबवून ठरलेल्या वेगाने ठोके द्यायला लागतात. चुंबक दूर केला की सहसा पूर्ववत होतात. खिशातला टॉर्च नेमका यंत्रावरच टेकतो, आणि तो तिथे दिवसभर राहतो. झटका देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, असेल तर जास्त गंभीर, कारण चुंबक जवळ असेपर्यंत ते झटका देणं थांबवू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये चुंबक असलेल्या फोन आणि घड्याळांबद्दल हीच सूचना केली होती, यंत्रापासून सहा इंच दूर ठेवा. हातात धरून वापरायला हरकत नसते, पण वयस्कर माणूस हातातली वस्तू सवयीने खिशात टाकतोच.

त्यांच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, आणि तोपर्यंत घरातला तुमचा टॉर्चही त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. घरात लहान मुलं असतील तर सुटी निघालेली चुंबकाची चकती लगेच उचला. दोन चकत्या गिळल्या गेल्या तर त्या पोटात आतड्याच्या पदरांतून एकमेकींना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तसं झाल्यास वाट न बघता दवाखाना गाठायचा.

हरवळेकर
सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आज बाबांशी बोललो. त्यांच्यासाठी बिनचुंबकाचा, दोन साध्या पेन्सिल सेलांचा टॉर्च आणला आहे. खिशात अडकवायची क्लिप आहे, दोरीही आहे. माझा टॉर्च पंपाच्या खोलीतच राहील, घरात येणार नाही. त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मोबाईलही डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात ठेवला.

सिस्टरांनी विचारलं नसतं तर चवथीला मी त्यांच्या हातात तोच टॉर्च दिला असता. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या थोरांना एकदा विचारावं एवढीच विनंती.

डिचोली_वायरमन
बरं झालं. मीही यापुढे पट्टी मारायला जाईन तिथे आधी हे विचारेन.

कुंभारजुवेकर
मी जरा हिशोब करून पाहिला, कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. सेलसकट टॉर्च १२० ग्रॅम आणि १० सेंटीमीटर लांब धरू. उभ्या पत्र्यावर तो आडवा बाहेर येतो तेव्हा वजनाचा मध्य पत्र्यापासून ५ सेंटीमीटरवर. बुडाची त्रिज्या सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. बुडाच्या खालच्या कडेवर तो डोकं खाली करून कलू पाहतो, त्याला थोपवायला ओढ निदान ४८० ग्रॅमची लागते. आणि बार्जवरचा दादा म्हणतात तसं घर्षण ओढीच्या पाचव्या हिश्श्याएवढं असेल तर घसरू नये म्हणून ६०० ग्रॅमची. म्हणजे उभ्या पत्र्याला वजनाच्या पाचपट ओढ हवी आणि उलटा टांगायला एकपटीहून जरा जास्त पुरते. वायरमनदादांचं ब्रॅकेट किती योग्य आहे ते यात दिसतं.

घरच्या घरी बघायचं तर चावीच्या रिंगएवढा छोटा टॉर्च घ्या. तो हलका आणि आखूड, म्हणून उभ्या पत्र्यावर मोठ्यापेक्षा छान बसतो. चुंबक मोठा असलेल्या भारी टॉर्चपेक्षा मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.

घसरण कमी करायला बुडाला सायकलच्या ट्यूबची पातळ चकती लावून पाहिली. अंतर वाढल्याने ओढ कमी झाली, ओढून काढताना हाताला ते कळलं. पण रबराची पकड त्याहून जास्त वाढली. तिजोरीच्या गुळगुळीत पत्र्यावर जो टॉर्च दहा मिनिटांत पायाशी येत होता तो रात्रभर जागचा हलला नाही.

नाक्यावरचं_गॅरेज
कुंभारजुवेकर, ट्यूबची युक्ती उद्याच करतो. ज्यांची चकती निघून आली असेल त्यांनी एपॉक्सीच्या दोन नळ्यांचं मिश्रण लावा, फेविक्विक नको, धक्क्याने सुटतं. आधी दोन्ही बाजू पॉलिशपेपरने घासा आणि पेट्रोलने पुसा. साध्या टॉर्चला चकती कशीही लावली तरी चालते. चार्जिंगची केबल चुंबकाने बसत असेल तर मात्र बाजू बघून लावा, उलटी लागली तर केबल जवळ यायच्या ऐवजी दूर ढकलली जाते. काही टॉर्चमध्ये चकती टोपीच्या आत, सेलच्या बुडाशी असते आणि वीज तिच्यातूनच जाते. ती काढून टाकली तर टॉर्च पेटतच नाही, मग लोक टॉर्च बिघडला म्हणून घेऊन येतात.

शिवोलीची_सून
वायरमनदादा, तुमच्या पट्ट्या मारून घेतल्या. एक जिन्याखाली, एक परसदाराला, एक माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची आरास) बांधतो त्या खोलीत, चौकटीच्या वर. चवथीच्या आदल्या रात्री माटोळीला फळं बांधताना दर वर्षी कोणीतरी स्टुलाशेजारी टॉर्च धरून उभं राहतं. दोन तास धरून माझ्या पुतण्याचा हात दुखतो. यंदा तो फळं बांधायला वर असेल.

एक शंका आहे. परसदाराची पट्टी पावसाच्या झडीत येते आणि आठवड्यातच स्क्रूच्या भोकाशी तांबूस झाली. काय करू?

डिचोली_वायरमन
ताई, भोक पाडल्यावर कडेचं लोखंड उघडं राहिलं असणार. पट्टी उतरवा, भोकाच्या आतून रेड ऑक्साइड लावा, पूर्ण वाळू द्या. स्क्रू स्टेनलेसचे वापरा आणि खाली प्लास्टिकचा वायसर ठेवा. वरच्या कडेला सिलिकॉनची रेघ ओढली की भिंतीवरून येणारं पाणी पट्टीमागे जाणार नाही. एकट्याने जमत नसेल तर कळवा, साळगावला माझं काम चालू आहे, येता येता करून देतो.

हरवळेकर
ब्रॅकेट बसवलं. कालच रात्री परत लाईट गेली आणि आली, पंप पुन्हा अडला. मेन बंद, टॉर्च वर टांगला, झाकण काढलं. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की पंप बंद करणारी कळ) पडली होती आणि एका टर्मिनलला मुंग्यांनी घर केलं होतं. ब्रशने साफ केलं, स्क्रू आवळले. चारही स्क्रू टॉर्चच्या शेजारी ब्रॅकेटलाच ठेवले होते. चुंबकाजवळचं लोखंड भारलं गेल्यामुळे की काय, ते तिथे चिकटून राहिले आणि गटारात एकही गेला नाही.

बाबा दारात उभे होते, त्यांचा टॉर्च हातात. सहा इंचांचं काय घेऊन बसलात, ते चांगले दहा हात लांब होते.